कुलाबा ते कुलाबा : अलिबागला गेलात तर काय बघाल?

आजच्या भागाची सुरुवात एका वाक्याने करतो. तुम्ही ते शंभर वेळा ऐकलं असणार, कदाचित कुणाला तरी ऐकवलंही असणार. ‘अलिबागसे आया है क्या?’ अर्थ सरळ आहे: बावळट आहेस का, एवढं साधं कळत नाही का. सिनेमात चालतं, कॉलेजच्या कट्ट्यावर चालतं, ऑफिसच्या ग्रुपवर तर सर्रास चालतं. २०१९ मध्ये हे वाक्य चक्क मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. अलिबागच्याच एका गृहस्थांनी याचिका केली की यात आमचा अपमान होतो, यावर बंदी घाला. कोर्टाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, इतकं मनाला लावून घेऊ नका, असं काहीसं कोर्टाचं म्हणणं होतं.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण त्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. अलिबागहून नक्की आलं काय? आज तेच बघू. आणि तुमच्यापैकी जे पुढच्या लाँग वीकेंडला तिकडे निघालेत, त्यांना जाता जाता काय बघायचं तेही कळेल. कारण रील्समध्ये जे दिसतं ते म्हणजे बीच, घोडागाडी, पॅरासेलिंग, सुरमई थाळी आणि स्विमिंग पूलवाला व्हिला. माझा यातल्या एकाही गोष्टीला विरोध नाही, सुरमईला तर नाहीच नाही. फक्त त्याच किनाऱ्यापासून चालत काही मिनिटांवर, झाडांच्या आड एक वेधशाळा आहे. शेकडो गाड्या तिच्यासमोरून जातात, थांबत कुणीच नाही. माझ्या मते अलिबागमधली सगळ्यात भारी गोष्ट ती आहे.

पण आधी किल्ला. कारण किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर तोच दिसतो.

कुलाबा किल्ला. भरतीला बेट, ओहोटीला चालत जाता येईल इतका जवळ. शिवाजी महाराजांनी याचं काम मार्च १६८० मध्ये सुरू करवलं आणि पुढच्याच महिन्यात महाराज गेले. बांधकाम संभाजी महाराजांनी पूर्ण केलं. तटाकडे नीट बघा. मोठमोठे काळे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं, जोर मोडतो, परत बाहेर येतं. सव्वातीनशेहून जास्त पावसाळे हा तट असाच उभा आहे.

किल्ल्यात कसं जायचं हा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक फॉर्म्युला आहे आणि कोडिंग करणाऱ्या माणसाला तो फारच आवडतो, कारण एका ओळीत बसतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यात सहा मिळवले की नऊच्या सुमारास ओहोटी. ढोबळ हिशेब आहे, जीव त्यावर टाकू नका, भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघूनच निघा. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे पायी जायला अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचे दिवस बरे. ओहोटी सुरू असतानाच आत जा आणि पाणी फिरायच्या आत परत या. सेल्फीच्या नादात आत अडकलेल्यांना मग होडीची वाट बघत बसावं लागतं.

या किल्ल्याचं नाव झालं ते कान्होजी आंग्र्यांमुळे. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा परवाना घ्यायचा, तेव्हाच्या भाषेत दस्तक, नाहीतर जहाज जप्त. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना चाचा म्हणायची. गंमत अशी की कंपनी स्वतःही पासेस विकायचीच. ज्याने वाटलेला परवाना आपल्याला मान्य नाही तो चाचा, इतका सोपा नियम होता. १७२१ च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्रजांकडून कमोडोर मॅथ्यूज राजाच्या आरमाराची जहाजं घेऊन आला होता, गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर होता. किल्ला काही पडला नाही. पिलाजी जाधव आणि पाठोपाठ थोरले बाजीराव मदतीला आले आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी परस्पर तह केला. इंग्रज नुसते बघत राहिले. म्हणजे ज्या गावाचं नाव घेऊन मुंबईवाले एकमेकांना बावळट म्हणतात, त्या गावासमोरून मुंबईचंच आरमार हात हलवत परत गेलं होतं. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, बाजारपेठेत गेलात तर विचारत जा, लोक नीट सांगतात. मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आज ‘आयएनएस आंग्रे’ आहे. काळाने उगवलेला सूड म्हणा हवं तर.

किल्ल्यात रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत आणि प्रत्येक जण तिथे ‘कान्होजींची तोफ’ म्हणून फोटो काढतो. ती कान्होजींची नाही. तिच्यावर यॉर्कशरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव आहे, आणि तो कारखानाच कान्होजींच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी निघाला. तोफा इंग्रजांच्या काळातल्या. आंग्र्यांच्या घराण्यात वारस उरला नाही, कंपनीने दत्तक नामंजूर केला आणि १८४० च्या सुमारास हे छोटं राज्य खालसा झालं. डलहौसी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. जिल्हा झाला, त्याचं नावही कुलाबा. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं, तुमच्या आजीच्या शाळेच्या दाखल्यावर बहुतेक ‘जि. कुलाबा’ असंच असेल.

आता या नावाकडे बघा. कुलाबा एक इथे आणि दुसरा खाडीपलीकडे, मुंबईच्या दक्षिण टोकाला. माझी आवडती गोष्ट या दोन कुलाब्यांच्या मधली आहे.

मुंबईच्या कुलाब्याला कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा काढली. मूळ हेतू व्यवहारी होता, जहाजांना अचूक वेळ हवी होती. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. होकायंत्राचा काटा उत्तरेकडे वळतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो काटा स्थिर नसतो. अगदी बारीक बारीक, दिवसभर हलत असतो. सूर्य उगवला की वेगळा, मावळला की वेगळा, आणि सूर्यावर काही गडबड झाली की फारच वेगळा. हे हलणं रोज, तासातासाला, माणसांनी दुर्बिणीतून डोळ्याने वाचायचं आणि वहीत लिहायचं. प्रमुख होते एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार. आणि त्यांच्या हाताखाली, वेधशाळेत एक सोळा वर्षांच्या आसपासचा मराठी मुलगा लागला. केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२५, गाव नागाव.

हो, तेच नागाव. तुम्ही बनाना राइडसाठी जाता ते, अलिबागच्या दक्षिणेचं.

हे पुढे केरूनाना झाले. पुण्यात गणिताचे प्राध्यापक, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांचा, आणि टिळकांना गणिताची गोडी लावणारे गुरू म्हणूनही तेच ओळखले जातात. पण त्याआधीची सुमारे दहा वर्षं हा माणूस कुलाब्याला काटे वाचत होता. मला या मुलाचं फार वाटतं. इंटरनेट सोडा, मराठीत विज्ञानाची पुस्तकंही तेव्हा हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. आणि हा खाडी ओलांडून येतो आणि जगातल्या अगदी नव्या शास्त्राच्या वहीत आकडे भरतो. अलिबागसे आया था.

केरूनाना तिथून निघाल्यावर काही वर्षांनी, सप्टेंबर १८५९ मध्ये, एक प्रकार घडला. १ तारखेला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर एक झगझगीत स्फोट दिसला आणि जेमतेम सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. अमेरिकेत तारा यंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या त्या आकाशातून आलेल्या विजेवर निरोप पाठवले. ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत प्रकाश पार कॅरिबियनपर्यंत दिसला. युरोपातल्या वेधशाळांत कागदावर आपोआप आलेख काढणारी यंत्रं होती, पण काटा इतका उडाला की रेषा कागदाबाहेर गेली. म्हणजे आमच्या भाषेत, सेन्सर सॅच्युरेट झाला, डेटा गेला.

कुलाब्याला यंत्र नव्हतं, माणूस होता. एरवी तासाला एकदा वाचणाऱ्या माणसांनी वादळ ओळखलं आणि पंधरा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी आकडे घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या आडव्या चुंबकीय बळात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. आकडा कळावा म्हणून सांगतो, ते नेहमीच्या बळाच्या चारेक टक्के होतं, आणि सामान्य मोठ्या वादळात ही घसरण शे-दोनशेची असते. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थानाचे जी. एस. लखिना वगैरे शास्त्रज्ञांनी याच वह्यांवरून त्या वादळाचा जोर किती असेल याचं गणित मांडलं. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या वाचवायच्या तर सगळ्यात वाईट वादळ किती वाईट असू शकतं, हे माहीत असावं लागतं. १९८९ मध्ये यापेक्षा बऱ्याच लहान वादळाने कॅनडात क्युबेकची वीज नऊ तास घालवली होती. आणि त्या ‘किती वाईट’चा एक मोठा आधार म्हणजे कुलाब्याच्या वहीतले हे हाताने लिहिलेले आकडे.

आता ट्राम. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर विजेच्या ट्रामचा विचार सुरू झाला. शहराला आनंद, वेधशाळेला संकट. ट्रामला लागणारा एकदिश विद्युतप्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत झिरपतो, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. सूर्याची कुजबुज ऐकायला बसलेल्या यंत्राच्या कानाशी रोज ढोल वाजणार. वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई फ्रामजी मूस, १८९६ मध्ये या पदावर आलेले पहिले भारतीय. मूस यांनी ट्राम अडवत बसण्याऐवजी वेधशाळाच हलवायचं काम अंगावर घेतलं. जागा अशी हवी की मुंबईपासून फार लांब नाही, समुद्राजवळचीच, पण जिथे वीज नाही, कारखाना नाही, ट्राम येण्याची शक्यता नाही. ती जागा मिळाली खाडीपलीकडे, तीसेक किलोमीटरवर, दुसऱ्या कुलाब्यासमोर. अलिबाग.

इमारत बांधतानाच खरी कसोटी होती. आपला सह्याद्रीचा काळा दगड चालणार नव्हता, कारण त्यात लोहयुक्त खनिजं असतात आणि तो स्वतःच थोडा चुंबक असतो. समोरचा किल्ला अख्खा त्याच दगडाचा. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लोखंडी खिळा, बिजागरी, कडी काहीही नाही, सगळं पितळ आणि तांबं. आतल्या खोलीत चुंबक बारीक धाग्याला टांगलेला, त्याला चिमुकला आरसा, आरशावर दिव्याचा किरण आणि परतलेला किरण फिरत्या फोटोच्या कागदावर. चुंबक केसभर हलला की ठिपका सरकतो. उन्हाने यंत्र तापू नये म्हणून जाड भिंतींच्या आत ही खोली.

१९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. आणि आता तो भाग, ज्यासाठी मी हा एपिसोड करतोय. मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. कारण दोन जागांचे आकडे सारखे नसणार. किती फरक आहे, तो सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा आहे का, हे मोजल्याशिवाय जुनी मालिका नव्याला जोडता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पॅरलल रन म्हणतो. जुनी सिस्टीम आणि नवी सिस्टीम शेजारी शेजारी चालवायची, आउटपुट ताडून बघायचं, मग जुनी बंद करायची. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये आम्ही पॅरलल रनसाठी दोन आठवडे मागितले होते, मिळाले चार दिवस. मूस यांनी दोन वर्षं घेतली. मुंबईत विजेची ट्राम धावली मे १९०७ मध्ये, म्हणजे मायग्रेशन पूर्ण झाल्यावर. पुढे १९१० मध्ये १८४६ ते १९०५ च्या सगळ्या नोंदी त्यांनी दोन जाडजूड खंडांत छापल्या. १८५९ चे आकडे जगाला सापडले ते अशा नीटनेटकेपणामुळे.

ती ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. जिच्यासाठी वेधशाळा हलली ती गेली, वेधशाळा अजून चालू आहे. कुलाबा आणि अलिबाग मिळून ही मालिका पावणेदोनशे वर्षांहून लांब आहे, आणि इतक्या लांब मालिका जगात मोजक्या आहेत. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेवरून आकाश तांबूस दिसलं आणि सगळ्यांनी स्टेटसला फोटो ठेवले, आठवतंय? तसल्या वादळाची नाडी अशाच वेधशाळा पकडतात.

मला काळजी वाटते ती एका साध्या गोष्टीची. १९०४ मध्ये अलिबाग निवडलं कारण मुंबई तिथे पोचणार नाही. मुंबई पोचली. २०२० पासून रो-रो बोट थेट गाडीसकट मांडव्याला सोडते, २०२४ मध्ये अटल सेतू झाला. व्हिला, लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, पार्किंगमध्ये रांगेने उभं लोखंड. अलिबागकरांनी रस्ते-वीज-रोजगार नाकारावा असं म्हणायचा मला काहीच अधिकार नाही, मी स्वतः त्याच बोटीने जातो. पण रिसॉर्ट कुठेही बांधता येतं. मालिका एकदा बिघडली तर मागे जाऊन पुन्हा मोजता येत नाही, आणि दरवेळी कुणी मूस दोन वर्षं आधी विचार करून ठेवेलच असं नाही. इथे काही वाढताना निदान ‘समोर वेधशाळा आहे, तिला विचारलं का?’ हा प्रश्न तरी कुणीतरी विचारावा. आधी विचारणाऱ्या गावाला ही वेधशाळा आहे हे माहीत असायला हवं, मग पर्यटकांना. ही काही तिकीट काढून फिरायची जागा नाही, तिथे काम चालू असतं. बाहेरून बघा, हॉर्न न वाजवता पुढे जा, एवढंही पुरे.

वेळ उरला तर गावात इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग बघा. बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी, आडनावं किहीमकर, नवगावकर, पेणकर. अलिबाग हे नावही एका अली नावाच्या बेने इस्रायली श्रीमंताच्या बागांवरून पडलं असं सांगतात. किहीमला सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला, त्या घरट्यांवरून त्यांचं नाव झालं. आणखी दक्षिणेला रेवदंडा ओलांडून कोर्लईला गेलात तर तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली अजून घराघरात बोलतात. यातल्या प्रत्येकावर एकेक भाग होईल, करूच.

जायच्या आधी एक काम करा. तुमच्या फोनमध्ये चुंबकत्व मोजणारा सेन्सर असतो, नकाशातला निळा बाण त्यावरच फिरतो. मॅग्नेटोमीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. अलिबागच्या मोकळ्या वाळूत, गाड्यांपासून लांब उभे राहा, फोनचं मॅग्नेटवालं कव्हर काढा, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून सेन्सर ठीक करून घ्या. आकडा त्रेचाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. वेधशाळा याच आकड्याच्या हजारो पटींनी बारीक भागावर नजर ठेवून असते. मग ओहोटी बघून किल्ल्यात जा, त्या लो मूरच्या तोफेजवळ फोन न्या आणि आकडा कसा उडतो ते बघा. स्क्रीनशॉट मला पाठवा, तिथी लिहून पाठवलीत तर अजून उत्तम.